समुद्रफेस कुणाचा?

भरती ओसरली की पुळणीवर एक ओळ उरते. त्या ओळीत शेवाळ असते, शिंपले असतात, लाकडाचे तुकडे असतात. त्यातच कधी कधी एक पांढरी, हलकी वस्तू सापडते. तिचा आकार लहानशा होडीसारखा असतो. एक बाजू कठीण, दुसरी खडूसारखी मऊ. मऊ बाजू नखाने खरवडली तर पांढरी भुकटी पडते. पाण्यात टाकली तर ती वस्तू तरंगते.

हिला आपण समुद्रफेस म्हणतो. घाटावरच्या पुष्कळ वाचकांनी समुद्र पाहिला नसेल. पण समुद्रफेस त्यांनी पाहिला असेल. काष्ठौषधींच्या दुकानात तो मिळतो. काही सोनार त्यात कोरून लहान दागिन्याचा साचा करतात. पोपट पाळणारे तो पिंजऱ्यात टांगतात. पोपट त्यावर चोच घासतो आणि त्यातला चुना त्याच्या पोटात जातो.

नाव ऐकून पुष्कळांना वाटते, की समुद्राचा फेस वाळला आणि त्याचा हा खडा झाला. पण तसे नाही. फेस वाळला तर हाताला काहीच लागत नाही. समुद्रफेस हा एका प्राण्याच्या पाठीतला हाडासारखा भाग आहे. त्या प्राण्याचे नाव माकूळ. कुठे तिला म्हाकूळ म्हणतात, कुठे माकूल, कुठे माकली. गोव्याकडे या कुळातल्या प्राण्यांना माणकी म्हणतात.

आता कुणी विचारील, "ही माकूळ आपल्याच समुद्रात राहते का हो? की तिचे हाड दूरदेशाहून वाहत येते?"

प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर आम्ही लगेच सांगून टाकले तर तुम्ही ते ऐकाल आणि विसराल. म्हणून आपण ते पारखून काढू. न्यायाधीश साक्षीदार तपासतो, तसे आपण तीन साक्षीदार तपासू. पण त्याआधी माकूळ कशी असते ते पाहू.

माकूळ कशी असते?

माकूळ बाजारात माशांच्या टोपलीत असते. पण ती मासा नाही. माशाला कणा असतो, कल्ले असतात, अंगावर बहुधा खवले असतात. माकुळीला कणा नाही आणि खवलेही नाहीत. शिंपले, तिसऱ्या, कालवे, गोगलगायी हे तिचे भाऊबंद. या सर्वांचे अंग मऊ असते. तिसरीचे कवच बाहेर असते. माकुळीचे कवच अंगाच्या आत, पाठीच्या बाजूला असते. ते कवच म्हणजेच समुद्रफेस.

तिचे अंग रुंद व चपटे असते. अंगाच्या दोन्ही कडांना लुगड्याच्या काठासारखी झालर असते. झालर हलवून ती पाण्यात सावकाश पुढेमागे जाते. तोंडाभोवती आठ आखूड हात असतात. शिवाय दोन लांब सोंडा असतात. त्या एरवी आत दडवलेल्या असतात. कोळंबी किंवा लहान मासा टप्प्यात आला, की सोंडा झटकन बाहेर येतात आणि भक्ष्य ओढून आणतात.

तिला तीन हृदये असतात. तिचे रक्त निळसर असते. आपल्या रक्तात लोह असते, म्हणून ते लाल. तिच्या रक्तात तांबे असते, म्हणून ते निळे. ती अंगाचा रंग डोळ्याचे पाते लवते न लवते तोच बदलते. वाळूवर बसली तर वाळूसारखी दिसते, खडकाजवळ गेली तर खडकासारखी. शत्रू अंगावर आला तर ती काळी शाई सोडते. पाणी गढूळ होते आणि ती निसटते. घरी माकूळ साफ करताना शाईची पिशवी फुटली, की हात काळे होतात. हे कोकणातल्या बायामाणसांना सांगायला नको. युरोपात पूर्वी याच शाईपासून तपकिरी रंग करीत. त्या रंगाला सेपिया म्हणतात. सेपिया हे माकुळीचेच ग्रीक नाव आहे.

बाजारात आणखी एक प्राणी माकूळ याच नावाने विकला जातो. तो लांबट, नळीसारखा असतो. त्याची झालर बहुधा शेपटाच्या टोकाकडे असते. तो कापला तर आत कठीण हाड निघत नाही. काचेसारखी पातळ, पारदर्शक पाती निघते. तो माकुळीचा चुलतभाऊ समजा. ज्यातून पांढरा समुद्रफेस निघतो, त्या रुंद माकुळीविषयी हा पाठ आहे.

पहिला साक्षीदार : समुद्रफेस

पहिला साक्षीदार पुळणीवरच पडला आहे. तो म्हणतो, "मी येथे आहे, तेव्हा माकूळही येथेच आहे."

त्याची साक्ष लगेच मानावी काय? जरा थांबा. समुद्रफेसाचा तुकडा मोडून पाहा. आत पापुद्य्रांवर पापुद्रे असतात. त्यांच्यामध्ये बारीक बारीक खण असतात. जिवंत माकुळीच्या हाडात काही खणांत हवा असते, तर काही खणांत पाणी. पाणी कमी केले की ती हलकी होते. पाणी वाढवले की जड होते. अशा रीतीने फार श्रम न करता तिला पाण्यात अधांतरी राहता येते.

माकूळ मरते, अंग कुजते आणि हाड मोकळे होते. आत हवा असल्यामुळे ते वर येऊन तरंगते. वारा आणि प्रवाह त्याला नेतील तिकडे ते जाते. म्हणजे जेथे हाड सापडले तेथेच प्राणी राहत होता, असे खात्रीने सांगता येत नाही. नदीच्या पुरात वाहत आलेली घागर आपल्या गावच्या कुंभाराने घडवली असेलच, असे थोडेच आहे?

तेव्हा पहिल्या साक्षीदाराने आपल्याला वाट दाखवली. निकाल मात्र त्याच्या एकट्याच्या सांगण्यावर देता येणार नाही.

दुसरा साक्षीदार : जाळे

दुसरा साक्षीदार म्हणजे कोळ्याचे जाळे. जाळ्यात जिवंत माकूळ आली, तर ती दूरदेशाहून मेल्यावर वाहत आली असे कुणी म्हणणार नाही.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर गुजरात, महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ या सर्व राज्यांत माकूळ जाळ्यात येते. पूर्व किनाऱ्यावर तामिळनाडू आणि आंध्र प्रदेशाकडेही ती सापडते. तळावरून जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरना ती अधिक मिळते, कारण ती तळाजवळ राहते. गळालाही ती लागते.

पूर्वी तिला फारसा भाव नव्हता. दुसऱ्या मासळीबरोबर आली तर आली. १९७० नंतरच्या दशकात गोठवलेली माकूळ परदेशी जाऊ लागली. मग तिचा भाव वाढला आणि मुद्दाम तिच्यासाठी होड्या जाऊ लागल्या.

माकुळी एकाच जातीच्या नाहीत. आपल्या समुद्रात त्यांच्या अनेक जाती आहेत. त्यांतली एक मोठी जात आहे. तिला फॅरो माकूळ म्हणतात. फॅरो म्हणजे प्राचीन मिसर देशाचा राजा. तांबड्या समुद्रापासून जपानपर्यंत ती आढळते. तिचे धड ४० सेंटिमीटरपर्यंत वाढते. म्हणजे जवळजवळ एक हात. दुसरी एक जात अगदी लहान. तिचे धड वाढून वाढून १०-१२ सेंटिमीटर होते.

या नोंदी कोण ठेवते? केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था नावाची सरकारी संस्था १९४७ साली स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय केरळात कोची येथे आहे. मुंबईतही तिचे केंद्र आहे. संस्थेची माणसे बंदराबंदरांवर जातात. कोणती मासळी आली, किती आली, केवढी होती, हे लिहून घेतात. कोळी मंडळींना जे अनुभवाने ठाऊक असते, ते अशा नोंदींमुळे कागदावर येते. एका माणसाची आठवण त्याच्याबरोबर जाते. लिहिलेली नोंद मागे उरते. तुम्ही लिहायला शिकलात, तेव्हा ही गोष्ट तुम्हांला सहज पटेल.

तिसरा साक्षीदार : अंडी

तिसरा साक्षीदार सर्वांत पक्का.

माकुळीची मादी अंडी पाण्यात मोकळी सोडत नाही. ती जागा शोधते. खडकाची कपार, पोवळ्याची फांदी, पाणवनस्पतीची काडी, बुडालेला दोर असे काहीतरी तिला लागते. त्याला ती एकेक अंडे चिकटवते. शेवटी द्राक्षांच्या घडासारखा घोस तयार होतो. अशी ती शेकड्यांनी अंडी घालते.

काही दिवसांनी अंडी फुटतात. आतून नखाएवढे पिल्लू बाहेर येते. ते हुबेहूब आईसारखे असते. त्याला रंग बदलता येतो, शाई सोडता येते, शिकार करता येते. ते तेथेच तळाजवळ वाढू लागते. पुष्कळ समुद्री प्राण्यांची पिल्ले आधी पाण्यात तरंगत दूरदूर जातात. माकुळीचे पिल्लू तसे जात नाही.

आपल्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात अशी अंडी सापडतात, पिल्ले सापडतात आणि अंड्यांवर आलेल्या माद्याही सापडतात. वाटसरू एखादी रात्र धर्मशाळेत काढील. पण जेथे पाळणा हलतो, तेथे घर असते. तेव्हा निकाल स्पष्ट आहे. माकूळ आपल्या समुद्रात राहते. ती पाहुणी नाही, येथली रहिवासी आहे.

मग ती सगळीकडेच असेल का?

एखादा म्हणेल, "यात एवढं पारखायचं काय? समुद्र सगळा एकच. इथं आहे म्हणजे सगळीकडं असणारच."

असे म्हणणाऱ्याला एक गोष्ट सांगावी. अमेरिकेच्या किनाऱ्यांवर माकूळ राहत नाही. उत्तर अमेरिका घ्या, दक्षिण अमेरिका घ्या, पूर्वेचा किनारा घ्या की पश्चिमेचा. नळीसारखा चुलतभाऊ तेथे भरपूर आहे. आठ हातांचा ऑक्टोपस आहे. पण रुंद, हाडाची माकूळ तेथे नाही. जगात माकुळीच्या शंभरावर जाती आहेत. त्या आशिया, आफ्रिका, युरोप आणि ऑस्ट्रेलिया यांच्या किनाऱ्यांना आहेत.

याचे कारण तिच्या राहणीत आहे. माकूळ किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यातली. तळाची वाळू आणि खडक हे तिचे शेत व घर. युरोप-आफ्रिका आणि अमेरिका यांच्यामध्ये अटलांटिक महासागर आहे. त्याचा तळ मधोमध हजारो मीटर खोल आहे. खोल जावे तसा पाण्याचा दाब वाढतो. काही शे मीटरांखाली तिचे पोकळ हाड तो दाब सोसू शकत नाही, चेपून फुटते. म्हणजे तळाने जायची सोय नाही. वरच्या वर जावे, तर तिला तळाजवळचा आडोसा व भक्ष्य लागते. पिल्ले तरंगत जात नाहीत. उत्तरेकडून किनाऱ्याकिनाऱ्याने जावे, तर तेथले पाणी फार थंड. अशा सगळ्या वाटा बंद झाल्या. काळ्या रानातले पीक कातळावर येत नाही. तसेच समुद्रातही आहे. समुद्र एक दिसला, तरी त्यात नाना प्रकारच्या जमिनी आहेत.

म्हणून आपल्या किनाऱ्याला माकूळ आहे, ही साधी गोष्ट नव्हे. येथल्या माकुळी संपल्या, तर महासागर ओलांडून दुसऱ्या येणार नाहीत.

आहे, पण राहील का?

माकुळीचे आयुष्य थोडे. एखादे वर्ष, फार तर दोन. एकदा अंडी घातली, की बहुतेक माकुळी मरतात. पुढच्या हंगामाची सगळी मदार त्या अंड्यांवर असते. शेतकऱ्याने बियाणे दळून खाल्ले तर पेरणीला काय उरेल? माकुळीच्या अंड्यांचे तसेच आहे.

कर्नाटकाच्या किनाऱ्यावर काय घडले ते पाहा. नारळ उतरवल्यावर जे वाळके घोस उरतात, त्यांच्या जुड्या बांधायच्या. वाळूच्या गोण्यांचे वजन लावून त्या समुद्रात सोडायच्या. आडोसा मिळाला म्हणून माकुळी तेथे जमतात. अंडी घालायलाही येतात. मग गळाने त्या धरायच्या. युक्ती हुशारीची आहे. थोड्या खर्चात मोठमोठ्या माकुळी मिळतात. पण त्यांत अंड्यांवर आलेल्या माद्या सापडतात. जुड्या उपसल्या तर त्यांना चिकटलेली अंडीही जातात. म्हणून शास्त्रज्ञांनी या पद्धतीविषयी इशारा दिला. ट्रॉलरवाल्यांची जाळी या जुड्यांत अडकू लागली, त्यावरून मच्छीमारांत आपसांत भांडणेही झाली.

दूरचे एक उदाहरण घेऊ. दक्षिण ऑस्ट्रेलियात व्हायअॅला नावाचे गाव आहे. तेथे दर हिवाळ्यात फार मोठ्या जातीच्या माकुळी अंडी घालायला हजारोंनी जमतात. १९९७ च्या सुमारास तेथे भरमसाट मासेमारी झाली. १९९८ साली सरकारने ती थांबवली. २०१३ साली मोजदाद केली, तेव्हा साडेतेरा हजारांच्या आसपासच माकुळी भरल्या. पुढे त्या पुन्हा वाढल्या. २०२० साली २ लाख ४० हजारांच्या वर भरल्या. म्हणजे संख्या झपाट्याने घटते, आणि अंडी व आडोसा शाबूत असला तर भरूनही येते. पण घटली हे कळले कसे? कुणीतरी मोजत होते म्हणून.

आपण काय करावे?

पाठाच्या आरंभी आपण विचारले, माकूळ आपली आहे का? ती आपली आहे असे ठरले. मग आपली वस्तू आपण सांभाळली पाहिजे.

१. जाळ्याला किंवा दोराला अंड्यांचा घोस चिकटून आला, तर तो कचरा समजून पुळणीवर टाकू नये. लगेच पाण्यात परत सोडावा.

२. लहान माकुळी धरू नयेत. आज ती मूठभर आहे. काही महिन्यांनी तीच वजनाला कितीतरी पट भरेल. महाराष्ट्र सरकारने २०२३ साली ५४ जातींच्या मासळीसाठी कमीत कमी आकार ठरवून दिला. कोणत्या जातीला किती आकार, हे मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात विचारावे आणि कागदावर लिहून आणावे.

३. पावसाळी बंदी पाळावी. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै ही बंदी ठरलेली आहे. कोणत्याही वर्षीची नेमकी तारीख सरकारी सूचनेत वाचून घ्यावी. आता तुम्ही ती स्वतः वाचू शकता.

४. प्रखर दिवे लावून मासेमारी करू नये. केंद्र सरकारने २०१७ साली तिला बंदी केली. दिव्याला भुलून लहानमोठे सगळेच येते. मग निवड राहत नाही.

५. बाजारात मासळी घेणाऱ्यांनीही पिल्ले विकत घेऊ नयेत. गिऱ्हाईक नसेल तर पिल्ले धरणारही कोण?

समुद्रफेसाविषयीही एक सूचना. त्याची पूड कान वाहत असताना कानात घालण्याची चाल काही घरांत आहे. आपल्या मनाने असे करू नये. कान नाजूक असतो. डॉक्टरांना दाखवावे.

कोळ्याचे घर समुद्रावर चालते. मासळी विकणारी बाई, बर्फ वाहणारा गडी, टेम्पोवाला, खानावळवाला, सगळ्यांची भाकरी त्यात आहे. किनाऱ्याजवळच्या तळावर, एखाद्या काडीला चिकटलेला अंड्यांचा घोस म्हणजे या सगळ्यांच्या पुढच्या वर्षाचा दाणागोटा. तो कुणी कुलुपात ठेवू शकत नाही. तेथून जाणाऱ्या प्रत्येक होडीने तो राखायचा आहे.

प्रश्न

१. समुद्रफेस हा समुद्राचा वाळलेला फेस नव्हे, हे कशावरून सांगाल?

२. रुंद माकूळ आणि नळीसारखी माकूळ यांत फरक काय?

३. पुळणीवर सापडलेल्या हाडाची साक्ष एकटी का पुरत नाही?

४. अंडी हा सर्वांत पक्का साक्षीदार का?

५. माकूळ अमेरिकेच्या किनाऱ्याला का पोचली नाही? तीन कारणे लिहा.

६. तुमच्या गावच्या नदीत, तळ्यात किंवा समुद्रात पूर्वी असलेला आणि आता न दिसणारा एखादा मासा आहे काय? घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. त्याचे नाव, तो कुठे मिळे आणि शेवटी कधी पाहिला, हे वहीत लिहून ठेवा.